हळद लावलेली अळी

माझ्या माहेरी, कोकणात, गेंडा भुंगा माडात शिरला की तारेचा आकडा घालून त्याला ओढून काढतात आणि चिरडतात. माझ्या नवऱ्याने त्याच भुंग्याच्या सात अळ्या सिंगापुरात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये हौसेने पाळल्या. प्रत्येकीला स्वतंत्र डबा, डब्यावर मार्करने नंबर. लग्न होऊन आले तेव्हा मला कपाटाचा एक खण मिळाला होता.

नवरा जहाजावर इंजिनिअर. चार महिन्यांसाठी निघताना त्याने मला बजावलं: माती ओलसर ठेव, उगाच उकरू नकोस, रविवारी एकेकीचा फोटो पाठव. मग आठवण झाल्यासारखं म्हणाला, "आणि स्वतःलाही जप."

पंधरा दिवसांतच मला त्यांचं ते कुजलेल्या खताचं काळं, शिळं अन्न बघवेना. पाहुण्यांना असं वाढतात का? नर्सरीतून ताजं शेणखत आणलं आणि डबे काठोकाठ भरले. दुसऱ्या दिवशी अळ्या सगळ्या वर आलेल्या. मला वाटलं, आभार मानायला आल्यात. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने एका डब्यात बोट घातलं आणि ती किंचाळली, "आई, सो हॉट लाह! दे आर कुकिंग!"

कच्चं खत कुजताना तापतं, हे कोकणातल्या बाईला सिंगापुरात वाढलेल्या पोरीने शिकवावं! संध्याकाळपर्यंत तीन अळ्या काळ्या आणि लिबलिबीत होऊन पडल्या.

उरलेल्या चौघींच्या अंगावर काळे डाग उठले. जखम दिसली की आपला हात मसाल्याच्या डब्याकडे जातो. मी हळद लावली. तीन जणी पिवळ्या अंगाने गेल्या, अगदी सवाष्ण. चौथी जगली, कशी ते तिलाच ठाऊक.

आता बोटीवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, हा आम्हा बोटीवाल्यांच्या बायकांचा नियम. तिथून तो बिचारा करणार काय? माझे सासरे पुण्यात वारले तेव्हा त्याचं बंदर यायला अकरा दिवस होते. अकरा दिवस तो फोनवर विचारायचा आणि मी सांगायचे, सगळं ठीक, बाबा झोपलेत. तो पोचला तो थेट तेराव्याला. त्यावर तो मला कधी एक शब्द बोलला नाही. मी समजले, त्याला पटलं.

तर जो नियम सासऱ्यांना, तोच अळ्यांना. दर रविवारी मी उरलेल्या एकीला उचलून पहिल्या डब्यात ठेवायचे, फोटो काढायचे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एकच नटी, सात भूमिका. लेक म्हणायची, "आई, धिस इज फ्रॉड." मी म्हणायचे, "हा संसार आहे." तिकडून उत्तर यायचं, "छान." मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटायचं की सांगता सोय नाही.

चार महिन्यांनी तो आला. बूटही न काढता डब्यांपाशी बसला आणि एकेक झाकण उघडत गेला. सातव्यात ती सापडली.

"बाकीच्या कधी गेल्या?" त्याने शांतपणे विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"सातही जणींच्या डाव्या कुशीवर हळद होती."

मला हसू फुटलं. पोटभर हसले. "मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो." त्याने झाकण हलकेच लावलं. "बाबांच्या वेळी मला काहीच दिसलं नाही. मी फोन ठेवून रोज जेवायला जात होतो. एके दिवशी तर पत्तेही खेळलो."

माझं हसू तोंडातच राहिलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्या अकरा दिवसांतलं सगळं, पहिल्या दिवसापासून, सांगायला लागले.