बिनतिखटाचा तांबडा

कोल्हापूरजवळ शिरोलीकडं टोमॅटो सॉसचा एक कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत संयोगिता कामाला होती. रस गाळून झाला की टोमॅटोची सालं आणि बिया मागं उरायच्या. त्यांचा ढीग कारखान्यामागं पडायचा, दुपारपर्यंत आंबायचा, आणि गवळी येऊन म्हशींसाठी भरून न्यायचे. उरलेल्यावर माश्यांचा हक्क. मालक बाळासो यांना ही व्यवस्था पसंत होती.

संयोगिताला नव्हती. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन सगळ्यात जास्त सालातच असतं, आणि नेमकं तेच आपण म्हशींपुढं टाकतोय, याचं तिला वाईट वाटायचं. १९९९ च्या हंगामात तिनं बाळासोंकडून ताजी सालं मागून घेतली, बावड्यातल्या घरी आणून धुतली आणि उन्हानं रंग उडतो म्हणून माळ्यावर पंख्याखाली वाळत घातली. पंखा सासूबाईंच्या, शालूबाईंच्या, खोलीतला होता.

शालूबाईंनी विचारलं, हे काय चाललंय. संयोगितानं समजावलं, की लोखंड हवेनं गंजतं तसं शरीरही आतनं झिजत असतं, आणि ही झीज रोखायला मदत करणारे काही घटक या सालात असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात.

"मी काय पत्रा हाय व्हय गंजायला?" शालूबाई म्हणाल्या आणि पंखा परत घेऊन गेल्या.

तरी पूड झाली. संयोगितानं ती एका बेकरीवाल्याला दिली. पाव गुलाबी निघाले. गिऱ्हाईकं पाव उलटासुलटा करून बघायची आणि याला काय लागलंय म्हणून विचारायची. बेकरीवाल्यानं पुडीचा डबा मुकाट्यानं परत पाठवला. तो घरी स्वयंपाकघरात चटणीच्या, म्हणजे लाल तिखटाच्या, डब्याशेजारी जाऊन बसला.

अशात धाकट्या दिराची, विश्वजितची, सोयरीक ठरायची वेळ आली. मलकापूरचे पावणे येणार होते आणि मुलीचे चुलते केरबा आण्णा बोलणी करणार होते. मटणाचं शालूबाईंनी दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. त्यांचा तांबडा रस्सा प्यायलेला माणूस टॉवेलनं टाळू पुसत उठायचा, अशी गल्लीत ख्याती होती. त्या दिवशी मात्र सर्दीनं त्यांचं नाक गच्च झालं होतं. वास नाही, चव नाही. हात सवयीनं फडताळात गेला आणि भलताच डबा घेऊन आला.

रंग असा उतरला की बोलायची सोय नाही. तेलात लायकोपीन छान विरघळतं. वरचा तेलाचा कट लालभडक झाला. पंगत बसली. पावण्यांनी पहिला घोट घेतला आणि एकमेकांकडं बघितलं. कुणाला ठसका नाही, कुणाच्या कपाळावर घाम नाही. एकजण हळूच म्हणाला, या घरात मिरची महाग झालेली दिसते. संयोगितानं दारातनंच रश्श्याचा रंग ओळखला. सासूबाईंच्या कानाला लागून तिनं सांगितलं, तसा शालूबाईंचा चेहरा रश्श्यासारखा झाला.

केरबा आण्णांचं वेगळंच चाललं होतं. पोटात व्रण झाल्यापासून डॉक्टरनं त्यांचं तिखट बंद केलेलं. कुठल्याही पंगतीत ते बिचारे पांढऱ्या रश्श्यावर भागवायचे. आज मान राखायला म्हणून त्यांनी डोळे मिटून तांबड्याचा एक घोट घेतला. जळजळ होईना. त्यांनी डोळे उघडले, वाटी रिकामी केली आणि पुन्हा पुढं सरकवली.

"सोयरिकीचं मागनं बघू," आण्णा म्हणाले. "आदी ह्यो रस्सा कसा केला त्येवढं सांगा."

सोयरीक त्याच बैठकीत जमली. जाताना आण्णांनी डबाही मागून नेला. पुढं मलकापुरात ज्याचं पोट नाजूक त्याला ते स्वतः जाऊन पूड द्यायचे. त्यांनी तिला गुडघ्यांचं आणि टकलाचंही औषध करून टाकलं, तेव्हा संयोगिताला मुद्दाम जाऊन सांगावं लागलं, की आण्णा, हे औषध न्हाय, निव्वळ टोमॅटो हाय. आण्णांनी मान हलवली आणि गुडघे तेवढे चालू ठेवले.

मागणी वाढली तशी बाळासोंनी कारखान्यातच वाळवणीची खोली बांधून दिली. ढीग गेला. गवळी चार दिवस रुसले. नंतर बिया त्यांच्या वाट्याला ठेवल्या, तेव्हा बोलू लागले.

पाकिटं छापायची वेळ आली. संयोगितानं 'अँटिऑक्सिडंट' बारीक अक्षरात टाकलं आणि वर ठळक छापलं: 'तिखट नाही'. खाली पत्ता, कोल्हापूर.

शालूबाईंनी पाकीट लांब धरून वाचलं.

"कोल्हापूरचं नाव घालून असलं छापतीस?" त्या म्हणाल्या. "पत्ता तरी सांगलीचा टाक की."