नदीकाठचे ठसे

जंगलातल्या नदीकाठी दोन दिवस राहायचं ठरलं, तेव्हा तिथे वाट दाखवणाऱ्या सोमीबाईंना मी फोन केला. "नदीत साबण नको, चूल नको, कचरा परत न्यायचा," त्या म्हणाल्या. आमच्या मंडळींची तोंडं वाकडी झाली.

"ताई, तिथे कोण बघतंय?" धाकटा भाऊ म्हणाला.

"मी बघतेय," म्हणत मी सामानाच्या यादीतून त्याचा स्पीकर खोडला. एकेक करून सगळे गळाले. मी एकटीच गेले.

माणसाला जाईल तिथे आपली खूण सोडायची हौस असते. निघायच्या दिवशी सकाळी ओल्या वाळूत सांबराच्या खुरांच्या ठशांशेजारी माझी पावलं उमटली होती. वाढत्या पाण्याने दोन्ही पुसली. ती पुसली जाईपर्यंत मी थांबले आणि ताठ मानेनं परत निघाले.