हिरव्या लुगड्यातल्या दोघी

चिचटोल्याच्या कमळेला गावात कोणी कुरूप म्हणत नसे. गावाला बोलायचा आळस होता असं नाही, गावाला त्याहून गोड शब्द सापडला होता. लहानपणी अंगात देवी आल्या, त्यात तोंडभर वण राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. तेव्हापासून गावतळ्यावर, बोडीवर, धुणं धुणाऱ्या बाया म्हणत, "बाकीचे कमळं पान्यात फुलते व माय, लहानूची कमळी डोळ्यात फुलली." हे इतक्या मायेनं म्हटलं जाई की लहानपणी कमळाही हसे. त्यात हसण्याजोगं काय आहे, हे तिला फार उशिरा कळलं, आणि तोवर हसायची सवय लागून गेली होती.

तिचं लग्न झालं ते वैनगंगेपलीकडे, सावलीकडच्या श्रीहरीशी. पोरगी पाहायला श्रीहरी आलाच नाही, त्याचा बाप आणि काका आले. कमळेच्या बापानं, लहानूनं, पाहुण्यांची सतरंजी अशी अंथरली की त्यांना पोरीची उजवी बाजू तेवढी दिसावी. उजव्या बाजूनं कमळा बरी दिसे. पाहुण्यांनी पाय धुतले, पोहे खाल्ले, पोरीचे हात पाहिले आणि हात कामाचे आहेत म्हणून होकार दिला. नवऱ्यानं बायकोचं पूर्ण तोंड पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. हार घातला आणि दुसरीकडे पाहू लागला.

दुसरीकडे पाहतच त्यानं तिला नांदवलं. तिच्याकडून धानाचा रोवणा करून घेतला, कापणी करून घेतली, मळणी करून घेतली. धान कोठीत पडल्यावर संक्रांतीला तिला माहेरी आणून घातली, सासऱ्याच्या ओसरीवर चहा घेतला आणि म्हणाला, "न्याले येतो." तो आला नाही. लहानूनं दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं की सवड नाही. पुढच्या दिवाळीत मात्र वेगळीच बातमी आली, श्रीहरी दुसरी पाहून राहिला आहे.

त्याच दिवसांत कमळा आपल्या भावजयीबरोबर, गुणाबाईबरोबर, आरमोरीच्या बाजाराला गेली. तिथं एका राईस मिलच्या रिकाम्या गोदामात नवा व्हिडिओ आला होता. दारावर पोतं लटकावलेलं, आत बायकांना एका अंगाला जागा. दोघी जाऊन बसल्या.

पिक्चर हिंदी होता आणि हसवायचा होता. आरशाच्या कारखानदाराचा देखणा पोरगा. बाप त्याचं लग्न एका काळ्या, दात पुढे आलेल्या पोरीशी लावून देतो. पोरगा तिला पाहून खिडकीतून उडी मारतो, म्हशीवर पडतो, साधू होऊन पळतो, आणि प्रत्येक वेळी ती त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहते. गोदाम हसून हसून वाकलं. गुणाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. कमळा हसली नाही. मग पोराला मोठा ताप येतो, ती रात्रंदिवस त्याचं करते, आणि बरा झाल्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो. म्हणतो, मी तोंड पाहिलं, मन पाहिलं नाही. म्हणतो, घरी चल. आणि हात पुढं करतो.

तेवढ्यात लाईट गेली.

अर्धी जनता ओरडली, अर्धी उठून बाजाराला लागली. लाईट काही आली नाही. बैलबंडीत बसल्यावर गुणाबाई म्हणाली, "आखरी पाहाची राह्यली."

"राह्यली काय?" कमळा म्हणाली. "झालंच तर होतं. त्यानं हात देला न."

गावोगावच्या मंडईचे ते दिवस. दिवाळीनंतर धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत गावागावाची मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्रभराचं नाटक होतं. चिचटोल्याचं नाटक मुखरू शिंपी लिहायचा. तो कापड आणायला नागपूरला जाई, तिथं पिक्चर पाही आणि त्याचं नाटक करी. त्या साली त्यानं नेमका हाच पिक्चर पाहिला होता, पूर्ण. नाटकाचं नाव ठेवलं 'अंतरीची राणी'.

एका सकाळी तो लहानूच्या ओसरीवर येऊन बसला. "लहानूभाऊ, कमळेले नाटकात देता का? राणीचं काम आहे."

लहानू सुपारी कातरत होता. "गावची बाई कधी स्टेजवर गेली का गा? त्या नागपूरच्या बाया येते न दरसाली."

"येते ना. मिस रजनी ठरली आहे. पन ते म्हनते, मी तोंडाले काळं लावत नाई."

"मंग आमच्या पोरीनं लावाव?"

"इले लावाची काय गरज आहे, भाऊ?"

लहानूचा अडकित्ता थांबला. मुखरूनं आवाज उतरवला. "वाईट नोका मानू. जिले नवऱ्यानं ठेवली नाई, तिच्या नावाचं स्टेजवर जाऊन आनखी काय बिघडते?"

उत्तर दारामागून आलं. "मुखरूभाऊ," कमळा म्हणाली, "आखरीले तो तिले हात धरून घरी नेते, तेच नाटक व्हय का?"

"तेच."

"मंग मी करतो."

मुखरूच्या अंगणात तालीम लागली. इथली एक रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगितली पाहिजे. बाहेरची नटी तालमीला येत नाही. ती नाटकाच्याच दिवशी पेटी घेऊन उतरते आणि पडद्याआडून सांगतील तसं बोलते. तोवर तालमीत तिच्या जागी गावातलं कोणी तरी नुसतं उभं राहतं. दरसाल एखादा मिसरूड फुटलेला पोरगा हिरोईन म्हणून उभा राही आणि नाटकाच्या रात्री प्रेक्षकांत बसून चिवडा खाई. हे तालमीत सगळ्यांना ठाऊक होतं. कमळेला ठाऊक नव्हतं, कारण तालमीच्या अंगणात गावची बाई कधी गेलीच नव्हती. तिला कोणी सांगितलंही नाही. त्यात लबाडी नव्हती. सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

म्हणून शेवटच्या अंकाच्या तालमीत कमळाच उभी राही. मिस रजनी येणार ती हिरोला आधी भुलवणारी शहरातली पोरगी असेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. हिरो होता भैयाजी, पाटलाचा पुतण्या, कपाळावर केसांची झुलपं आलेला. तो गालात तंबाखूचा खर्रा धरून बोले, "राणी, मी डोळे असून आंधळा होतो. घरी चल." आणि कुंपणाकडं पाहत म्हणे, "इथी मी हात धरतो, असं समजून घे."

कमळा समजून घेई. रोज तालमीला निघताना ती हात राखेनं घासून धूत असे.

डोंगेवाल्याच्या हाती तिनं नदीपलीकडे श्रीहरीला निरोप धाडला, मंडईले या, नाटकात मीच राणी आहे. दुसरी घरात आणण्याच्या आत त्यानं हे एकदा पाहावं, एवढंच तिला हवं होतं. एवढ्या लोकांसमोर भैयाजीसारखा माणूस हात पुढं करतो, हे पाहिल्यावर श्रीहरीच्या हातालाही काही तरी सुचेल, असा तिचा हिशेब होता. तो हिशेब वेडा होता असं म्हणणं सोपं आहे. पण पिक्चर बनवणाऱ्यांनी तो शहाण्यासारखा मांडून दाखवला होता.

मंडईचा दिवस उजाडला. धान कापलेल्या बांध्यांत स्टेज बांधलं, बसायला धानाचं तणस पसरलं. श्रीहरी खरंच आला. गळ्यात मफलर, बरोबर गावचे चार जण. पाहुणा म्हणून त्याला पुढची जागा मिळाली.

वडश्याहून आलेल्या रंगवाल्यानं कमळेला समोर बसवली, हनुवटी धरून तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं आणि ब्रश खाली ठेवला. "इले काय लावू गा? इचं तर घरूनच लावून आनलं."

आतले सगळे हसले. कमळाही हसली.

ती स्टेजवर आली तेव्हा बांधीतून असा हशा उठला की झाडावरचे बगळे उडाले. भैयाजी खिडकीतून पळे, ती पुढ्यात येई, लोक तणसावर लोळत. तिला वाटलं, आपलं काम चांगलं होऊन राह्यलं. पुढच्या रांगेत श्रीहरी मांडीवर थापा मारत तिच्याकडे पाहत होता. त्याच्या घरी असताना त्यानं तिच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

अंकामागून अंक गेले. भैयाजीला ताप आला, कमळेनं त्याच्या कपाळावर घड्या ठेवल्या, बायांनी नाकं ओढली. शेवटच्या अंकाचा पडदा लागला तेव्हा पूर्वेकडं फटफटत होतं. तिनं हिरव्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि विंगेत जाऊन उभी राहिली.

मुखरू वही घेऊन आला. "कमळे, तू बस आता. चहा घे."

"माझं येनं बाकी आहे, भाऊ."

"आता राणीचं येनं आहे."

"मीच त राणी."

"अवो, राणी पडद्यामागं तोंड धुते न सुंदर होते. मुद्दामच काळं लावून राहत होती ते, नवऱ्याची परीक्षा पाहाले. पिक्चर पाह्यला नाई का तू?"

"लाईट गेली होती," कमळा म्हणाली.

मुखरूला वाटलं ही थट्टा करते. तो हसून पेटीमास्तरकडं गेला.

तेवढ्यात मिस रजनी आली. अंगावर तसंच हिरवं लुगडं, तशीच काठाची चोळी. गोरी, नाकीडोळी नीटस. स्वभावाचीही वाईट नव्हती. "बाई," ती म्हणाली, "तुम्ही पदर कसा घेतला होता? तसाच पाहिजे, नाही तर लोकांना वाटेल दुसरीच आली."

कमळेनं तिचा पदर नीट केला. डाव्या खांद्यावरून घेऊन टोक कमरेला खोचून दिलं.

पडदा उघडला. मिस रजनी गेली आणि शिट्ट्यांनी बांधी भरून गेली. भैयाजीनं खर्रा केव्हाच थुंकला होता. तो तिच्या डोळ्यांत पाहत म्हणाला, "राणी, मी डोळे असून आंधळा होतो. मी तोंड पाहिलं, मन पाहिलं नाही." आणि त्यानं खरंच हात धरला.

कमळा विंगेतून निघाली. मुखरूनं तिचं लुगडं धरलं, ते त्याच्या हातून निसटलं. ती जाऊन भैयाजीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

क्षणभर कोणाला काही कळेना. एकसारखी लुगडी, एकसारखे पदर, दोन राण्या. कमळा भैयाजीशी बोलत होती, पण पाहत होती पुढच्या रांगेकडे. "राणी मी आहे. तुमचा ताप मी काढला. तुमच्या घरचं सारं मी केलं. हे तर आत्ता आली."

भैयाजीला भान यायला वेळ लागला नाही. स्टेजवरचा मुरलेला माणूस. त्यानं एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं आणि लोकांकडं तोंड करून म्हणाला, "अशानं जमन नाई, राणी. तुझं मन काढून दे इच्याजवळ, न तू जाय घरी."

त्या मंडईत तसा हशा पुन्हा कधी झाला नाही. म्हातारे खोकले, पोरं खांद्यावरून पडली. श्रीहरी उठून उभा राहिला आणि गळ्यातला मफलर काढून हवेत फिरवू लागला. पडदा पाडला तरी टाळ्या थांबेनात.

आत मुखरूनं तिच्यावर हात उगारला, तोच श्रीहरी आपले चौघे घेऊन आत आला. तो कमळेकडे आला नाही, मुखरूकडे आला. "आमच्या मंडईत हेच नाटक पायजे. आखरीले हे दोघी येते न, तसंच्या तसं."

मुखरूचा उगारलेला हात कपाळाला लागला आणि त्याचा रामराम झाला. "तसंच व्हय ते. असंच बसवलं आहे."

कमळा पुढं झाली. "मले न्याले आले का?"

श्रीहरीनं आधी सोबत्यांकडे पाहिलं. मग तो गोड हसला. "तुले घरी नेऊन बसवलो, त नाटकात कोन येईन?"

सोबती हसले, रंगवाला हसला, मिस रजनीनं तोंडाला पदर लावला. श्रीहरीनं भैयाजीजवळून खर्रा मागून घेतला आणि बंडीकडे गेला. बैल जुंपताना तो आपलं तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवत होता, झुलपं उडवून, अगदी भैयाजीसारखं.

पुढं त्याच्या गावी नाटक झालं. तोवर त्याचं दुसरं लग्नही उरकलं होतं. नवी नवरी बायांच्या पुढच्या रांगेत बसली होती. दोघी राण्या स्टेजवर आल्या तेव्हा तीही हसली, आधी चोरून, मग नवऱ्याकडे पाहून मोकळेपणानं. त्यानंतर कमळा 'घरी नेता का' असं कोणालाही म्हणाली नाही, लहानूनं विषय काढला तरी नाही.

'अंतरीची राणी' पुढं किती तरी मंडया चाललं. लोक शेवटासाठीच येत. एकदा आरमोरीच्या बाजूला नाटक होतं आणि थंडी फार पडली होती. मुखरू म्हणाला, "कमळे, लोक पायटपर्यंत बसत नाई. तुझं येनं आधी घेऊ, गॅसबत्तीतच."

"नाई," ती म्हणाली. "उजाडू दे."

"काऊन व?"

"गॅसबत्तीत वण दिसत नाई. हासाले आले न ते? मंग नीट पाहून हासू दे."

मुखरूनं पेटीमास्तरला खूण केली. त्यानं तीच ती चाल उगाळून वेळ काढला. लोक अंगावर तणस ओढून बसून राहिले, कोणी उठलं नाही. मोहाच्या झाडामागून ऊन वर आलं, स्टेजच्या फळ्यांवर पडलं, तेव्हा कमळा विंगेतून निघाली.