आधी रिकामी बाटली

देवरे मॅडम गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लॅबमध्ये बाटल्या धूत होते. तशीच इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले. मळवट भरायला शेजारच्या काकूंनी कुंकवाचं नवं पुडकं फोडलं होतं. मॅडमचे यजमान म्हणाले, "ते नको, थांबा," आणि आतून एक छोटी डबी घेऊन आले. झाकणावर मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तपासलेलं'. बायका एकमेकींकडे बघू लागल्या... मला मात्र रडू आवरेना.

मॅडम आमच्या लॅबमध्ये शिसं तपासायच्या. खेळण्यांचे रंग, मसाले, विहिरीचं पाणी, काहीही येवो, पहिली बाटली रिकामी, म्हणजे नुसतं पाणी आणि ॲसिड. तिच्यात शिसं दिसलं तर पुढचे सगळे आकडे खोटे. या सोवळ्याला आम्ही मागून हसायचो, मी सगळ्यात जास्त.

एका दसऱ्याला मशीनची पूजा मी केली. घरून आणलेलं हळदकुंकू वाहिलं, बोटं ॲप्रनला पुसली आणि तशीच नमुने भरायला बसले. बाहेर सायखेड्याच्या सिंधूताई बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट गेला नाही, तर त्यांच्या बचत गटाच्या हळदीची ऑर्डर जाणार होती. हळदीत शिसं आलं. रिकाम्या बाटलीतही आलं.

"कशाला हात लावला होतास?" मॅडमनी विचारलं.

"कशालाच नाही."

त्यांनी सगळी भांडी पुन्हा धुवायला घेतली. तेवढ्यात सिंधूताई दारात आल्या. "मॅडम, हळद घरची हाय. खराब निघाली का? खरं सांगा."

"अजून माहीत नाही. बसा."

मीही भांडी विसळायला लागले. नोकरी नवी होती, आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तासाभरानं मी पूजेचं सांगून टाकलं. मॅडम रागावतील म्हणून उभी राहिले, तर त्यांनी कुंकवाचं पुडकं मागितलं. दुपारभर दोघी काम करत होतो. हळद चोख निघाली. कुंकवात मात्र भरपूर शिसं निघालं. मॅडमनी पुडकं माझ्यापुढे धरलं.

"हे घरी कोणाला लावतेस?"

"मुलीला... रोज."

"उद्या तिचं रक्त तपासू. मी येते बरोबर."

रक्तात शिसं होतं, पण वेळेत कळलं. पोर आज कॉलेजात आहे.

तेराव्यानंतर मॅडमच्या यजमानांनी ती डबी मला दिली. मुलगी म्हणाली, "आई, लाव ना मला." मी झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी डबी लॅबमध्ये नेली. अक्षर मॅडमचं होतं, तरी नेली. आणि आधी रिकामी बाटली लावली.