काचेबाहेरची पुडी

हातावर सॅनिटायझर चोळलं की त्या वासासरशी मला संभाजीनगरच्या दवाखान्याचा तो व्हरांडा आठवतो. बहिणीचं सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ आत काचेच्या पेटीत होतं आणि दाजी भर दुपारी पिशोरहून एसटीनं देवीच्या अंगाऱ्याची पुडी घेऊन आले होते. पुडी आत नेऊ नका, जंतू जातील, एवढंच मी म्हणालो, तर ते उसळले, "तुमी विज्ञानाचे मास्तर! माकडाचा माणूस झाला म्हणता, देव नाय म्हणता, मग हे लेकरू मी कुणाच्या भरवशावर सोडू?" तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, मीही ओरडलो, "निसर्ग कुणाची गय करत नाही, दाजी. दुबळा जीव टिकत नाही, हाच नियम आहे!" मागं बहीण वाटीत काढलेलं दूध घेऊन उभी होती. ती रडली नाही. "दादा, मग हे दूध देऊ का नको?" एवढंच तिनं विचारलं. मी दाजींच्या मुठीतून पुडी ओढून घेतली आणि बाहेरच्या काचेला कपाळ टेकवून ती पेटीच्या दिशेनं धरून उभा राहिलो, शेजारी दाजी नर्सला परत परत विचारत होते, "ऑक्सिजन पुरंल ना, सिस्टर?" बाळ संध्याकाळी गेलं. उत्क्रांतीचा धडा मी अजून दरवर्षी शिकवतो, त्यातला शब्दन् शब्द मला पटतो. फक्त तो नियम आला की मी फळ्याकडं तोंड करून लिहितो.