तीन आवाजांचं पुस्तक

अकोल्यात जठारपेठेच्या एका गल्लीत कोणाच्या घरी आज काय शिजलं, हे चार घरं ओलांडून कळतं. पण कोणाच्या घरी काय वाचलं जातं, हे फक्त सिंधूताईंना कळतं. कारण ते ठरवतातच त्या.

बाई पासष्टीच्या. एका वाचनालयाच्या बालविभागात एकतीस वर्षं काढली, निवृत्त झाल्या, आणि वर्षभरातच यजमान, कमलाकांत वकील, गेले. मुलगा यशोधन अमरावतीला. मागे उरली तीन खोल्यांची जागा, दोन लोखंडी कपाटं भरून मुलांची पुस्तकं आणि वेळच वेळ. दुसरी एखादी बाई भिशी लावते, भजनी मंडळात जाते. सिंधूताई लोकांच्या घरी चहाला जाऊ लागल्या.

आता चहा म्हणजे नावाला. एखाद्या घराला पुस्तक द्यायचं तर आधी ते घर बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. नुसत्या पोराचं वय विचारून पुस्तक काढणं त्यांना जमत नसे. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी मिळून वाचायचं पुस्तक म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मापाचं हवं. म्हणून त्या कप हातात धरून बसत आणि बघत. कोण कोणाचं बोलणं तोडतं, कोण आधी पेंगतं, टीव्हीचा रिमोट कोणाच्या मांडीखाली असतो. चहा बिचारा गार होई.

शेजारच्या मनोजचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान. दिवसभर वाकून वाकून घरी आला की तिसऱ्या पानाला घोरायचा. त्याची बायको रूपाली, हिचा आवाज तर देवळापर्यंत जातो. त्या घरी सिंधूताईंनी दोन-दोन पानांच्या राक्षसांच्या गोष्टी दिल्या. गोष्ट मनोजच्या झोपेआधी संपायची आणि रूपालीला हक्कानं ओरडायला मिळायचं. महिनाभर ती राक्षस होऊन ओरडली, तर म्हणे दिवसभर पोरांवर ओरडायचं निम्म्यानं कमी झालं. हे मनोजनंच गल्लीभर सांगितलं, म्हणजे त्यात थोडं पाणी असणारच.

कोपऱ्यावरच्या भगवंतरावांची गोष्ट वेगळी. धामणगावकडची शेती मुलाच्या हवाली करून म्हातारा नातीपाशी आलेला. डोळ्यांनी दिसेना, आणि नात आकांक्षा अडखळत वाचणारी. सिंधूताईंनी शोधून शोधून त्यांना शेतातल्या पाखरांचं एक पुस्तक दिलं. आठव्या दिवशी भगवंतराव काठी आपटत दारात.

"काय हो बाई, हे काय पुस्तक देल्लं? त्याच्यात लिवलं, तुरीले दिवाळीत फूल नसते. लिवनाऱ्यानं तूर पायली तरी काय कधी?"

"मग आकांक्षाला सांगितलं का तुम्ही?"

"सांगतलं ना! एक एक पान थांबवून सांगतलं. पोट्टी म्हणे, आबा, अजून कुटं कुटं चुकलं ते सांगा."

"अरे वा. दुसरं देऊ का मग चांगलंसं?"

"नाई नाई, राहू द्या. अजून संपलं नाई," असं म्हणून म्हातारा ताठ मानेनं परत गेला. तुरीची ती चूक सिंधूताईंनी आधीच पाहिली होती. तिच्यावरूनच तर पुस्तक काढलं होतं.

पुस्तक द्यायच्या आधी त्या ते घरात एकट्या मोठ्यानं वाचून बघत. सगळे आवाज स्वतःच काढून. एकदा भर दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून पुरुषी घोगरा आवाज आला, तशी रूपाली लाटणं हातात घेऊनच धावली.

"मावशी! कोन आलं घरात?"

"अस्वल," सिंधूताई म्हणाल्या. हातात पुस्तक, समोर रिकामी खुर्ची.

रूपालीनं खुर्चीकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. "मले वाटलं पावना आला. म्हटलं चहा टाकू काय," म्हणाली आणि हसत हसत गेली. पण संध्याकाळी तिनं उगीचच भाजीची वाटी आणून दिली, आणि जायची घाई केली नाही.

लोक पुस्तक परत द्यायला यायचे, तेव्हा सिंधूताईंचा खरा सण. नोकरीत असताना पुस्तकावर डाग दिसला की बाई अख्खं वाचनालय हलवायच्या. हात धुऊन या, दोन्ही बाजूंनी दाखवा, नखं दाखवा. पोरं त्यांना वचकून असत. आणि आता? आता त्या चष्मा पुसून एकेक पान उजेडात धरत आणि डाग शोधत. रूपालीच्या पुस्तकावर हळदीचा अंगठा, म्हणजे कणीक-भाजी आटोपून आईसुद्धा बसली होती. पोह्यांचा दाणा मिळाला तर रविवारी सकाळी वाचलंय. भगवंतरावांच्या पानावर चुन्याचं बोट. एकटं पोर वाचतं तेव्हा पानाच्या एकाच कोपऱ्यावर मळ येतो, घर वाचतं तेव्हा सगळीकडे. वकीलसाहेब गेल्यापासून सिंधूताईंच्या घरी पत्रं येत नव्हती. हे डाग वाचण्यात त्यांची संध्याकाळ निघून जायची.

आणि नेमकं अमरावतीचं पुस्तक तेवढं कोरं यायचं.

यशोधन, सून चारुता आणि नऊ वर्षांची नात इशिता. दर महिन्याला मनोज सामान आणायला अमरावतीला जाई, त्याच्याकडे सिंधूताई एक पुस्तक देत आणि तो आधीचं घेऊन येई. अकरा महिन्यांत अकरा पुस्तकं गेली. परत आली ती सगळी खाकी कव्हर घालून, कोपरेही न दुमडलेली. ना हळद, ना तेल, ना एखादा केस.

"आवडलं का रे पुस्तक?" त्या फोनवर विचारत.

"हो आई, छान होतं."

"काय आवडलं?"

"सगळंच."

सिंधूताईंनी एकतीस वर्षं काउंटरवर काढली होती. न वाचता परत करणारा माणूस हेच बोलतो, हे त्यांना पाठ होतं.

मनोजलाही त्यांनी खोदून पाहिलं. "तू जातोस तेव्हा पुस्तक कुठे असतं रे?"

"काचेच्या कपाटात, मावशी. एकदम शिस्तीत. दाखवाच्या साड्या ठेवतेत ना तसं." मग त्याच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे जपतेत हो," तो घाईनं म्हणाला.

अख्ख्या गल्लीला जिनं जेवणानंतर एकत्र बसवलं, तिचं स्वतःचं घर तेवढं तिच्या पुस्तकांना काचेत ठेवतं. हे बाईंच्या आत कुठेतरी रुतून बसलं. बाराव्या महिन्यासाठी त्यांनी पंधरा दिवस निवड केली. शेवटी ते अस्वलाचंच पुस्तक काढलं. धारणीच्या रस्त्यावर जीप फसते, आत एक शाळेच्या बाई, पुढे ड्रायव्हर, आणि मागच्या सीटवर कधी चढलं ते कळलं नाही असं एक अस्वल. नाटकासारखं लिहिलेलं, तिघांनी तीन आवाज वाटून घ्यायचे. यशोधन अस्वल, चारुता बाई, इशिता ड्रायव्हर, असं त्यांनी मनात मापसुद्धा घेतलं. पुस्तक मनोजबरोबर गेलं. आठ दिवसांनी त्यांना राहवेना. हेही काचेत गेलं असेल, तर आता पाठवणं बंद करायचं, असं त्यांनी ठरवलं. फोनवर कळणार नव्हतं. मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी कुरडयांचा डबा भरला आणि न सांगता सकाळची बस धरली.

मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. अकराला दारात.

"आई! अहो, फोन तरी करायचा!" चारुता म्हणाली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. चेहऱ्यावर आनंद होता, आणि आनंदाच्या मागे फ्रिजमध्ये काय आहे याचा हिशेब होता.

"कुरडया द्यायच्या होत्या," सिंधूताई म्हणाल्या. चप्पल काढता काढता त्यांनी काचेचं कपाट बघून घेतलं. अस्वल तिथे नव्हतं.

जेवणं झाली. बाहेर पंचेचाळीसच्या घरात ऊन, आणि कूलर एकाच खोलीत. सगळे त्याच पलंगावर आले. सिंधूताईंना कडेला उशी लावून दिली, पाण्याचा तांब्या ठेवला. मग इशिता पलंगावर उभी राहिली आणि ठाणेदारासारखी ओरडली, "हात!"

यशोधननं दोन्ही हात पुढे केले. पालथे केले. बोटं पसरली. त्याच्या मागे चारुता.

"मम्मी, अंगठा. हळद आहे. जा परत."

"अगं, साबणानं धुतले!"

"आजीचं पुस्तक आहे," इशिता म्हणाली. "बाबा म्हणतो, तू त्याला असंच उभं करायचीस. नखं पण बघायचीस. आम्ही रोजच करतो."

"रोज?" सिंधूताईंनी विचारलं.

"रोज म्हणजे वाचतो तेव्हा. म्हणजे रोजच."

सिंधूताईंनी यशोधनकडे पाहिलं. तो त्रेचाळीस वर्षांचा इंजिनिअर ओले हात पायजम्याला पुसत होता. तिसरीत असताना डिंकाच्या लाडवाच्या हातांनी त्यानं एक पुस्तक धरलं होतं, आणि आईनं चार पोरांसमोर त्याला नळावर पाठवलं होतं. पुढे बाई बदलल्या, डागांवर प्रेम करू लागल्या. पोराला ते कोण सांगणार? अकरा महिने ज्या कोऱ्या पानांनी त्यांची झोप घालवली, ती कोरी पानं त्यांनीच शिकवलेली होती. त्यांना एवढं हलकं वाटलं की तांब्यातलं अर्धं पाणी त्या एका दमात प्यायल्या.

पुस्तक उशीखालून निघालं. अर्ध्याच्या पुढे खूण होती. तिघं डोक्याला डोकं लावून बसले.

आणि अस्वल झाली ती चारुता. कधी मोठ्यानं न बोलणारी सून. असा घोगरा आवाज काढला तिनं, की इशिता आधीच उलटी पडली. यशोधन बाई झाला होता, पदर सावरल्यासारखा हात करत, नाकात बोलत. सिंधूताईंनी घेतलेलं माप साफ चुकलं होतं, आणि या चुकीनं पुस्तक दुप्पट खुललं होतं.

"ड्रायव्हरदादा, मागे कोणी बसलंय का हो?" यशोधननं नाकातून विचारलं.

"सवारी असंन बाई, धारणीची," इशिता म्हणाली.

"मी तिकीट काढलेलं नाही," चारुता गुरगुरली.

यावर यशोधन नुसता "घुबडकाका!" म्हणाला आणि तिघंही फुटले. हसून हसून इशिताला उचकी लागली. सिंधूताईही हसल्या, थोड्या उशिरा. घुबड चौथ्या महिन्याच्या पुस्तकातलं होतं, तेवढं त्यांना आठवलं. पण त्या घुबडाचं आणि तिकिटाचं काय, ते त्यांना कळेना. ते पुस्तकात नव्हतं. ते या पलंगावर कधीतरी घडलं होतं.

मग असं होतच राहिलं. चारुतानं नुसती भुवई उचलली, की बाप-लेक लोळायचे. बारा पुस्तकं सिंधूताईंनी निवडलेली, प्रत्येक ओळ त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात आधी बोलून पाहिलेली. त्यांचं हसू यायचं ते एक तर आधी, कारण पुढची ओळ पाठ होती, नाहीतर सगळ्यांच्या नंतर.

"मला पण एक द्या की," शेवटी त्या म्हणाल्या. गमतीनं म्हटल्यासारखं म्हणाल्या.

इशितानं पानावर बोट ठेवून मोजलं. "आजी, तीनच आहेत ना. तूच तर तिघांचं पाठवलंस."

"हो, हो. तीनच आहेत."

"आई, माझं घ्या ना तुम्ही," चारुता पुस्तक पुढे करू लागली.

"नको नको. तुझं अस्वल मला कुठे जमायला!" त्यांना किती जमतं, ते रूपालीला विचारावं.

"आजी, तू पानं उलट," इशितानं तोडगा काढला. "हात दाखव आधी."

सिंधूताईंनी हात दाखवले. पास झाले. मग त्या पानं उलटू लागल्या, आणि दुसऱ्याच पानाला चुकल्या. ओळी पाठ, त्यामुळे बोट आधीच पुढे जाई.

"आजी! थांब ना! अस्वलाचं राहिलंय अजून!"

"अगं हो, राहिलंय," त्या म्हणाल्या, आणि पुढची सगळी पानं त्यांनी ओळी न वाचता इशिताचं तोंड बघून उलटली.

साडेचारला पुस्तक संपलं. चारुतानं राहायचा आग्रह केला, मनापासून केला. पण सोमवारी इशिताचं उन्हाळी शिबिर, यशोधनची साइट, चारुताचं ऑफिस. सिंधूताई म्हणाल्या, भगवंतरावांचं पुस्तक बदलायचंय. यशोधननं स्कूटरवर बसस्टँडला सोडलं.

अकोल्याची गाडी लागलेली होती. "पुढचं पुस्तक मनोजकडे देशील ना?" त्यानं विचारलं. "इशिता वाट बघते गं."

"मनोजकडे नको. मीच घेऊन येते म्हणते."

"ये ना. त्यात काय!" यशोधन म्हणाला. मग हेल्मेटचा पट्टा चाळवत, "फक्त फोन करून ये हं. चारुताची धांदल होते."

"फोन कशाला, आत्ताच सांगते. चौदा जून, रविवार."

त्यानं मोबाईल काढून कॅलेंडर बघितलं. "चौदाला चारुताच्या माहेरचे येतायत. एकवीस चालेल?"

"एकवीस."

"टाकून ठेवतो." कंडक्टरनं बसच्या पत्र्यावर थाप मारली, तसा तो भरभर टाइप करू लागला. "किती वाजताचं टाकू, आई?"

सिंधूताईंनी पायरीवर एक पाय ठेवला होता. दांडा धरून त्या वळल्या.

"वाजता-बिजता काही नको," त्या म्हणाल्या. "अख्खा दिवस टाक."