सरड्याचं गाऱ्हाणं

माझी मुलगी अमेरिकेत एका प्रयोगशाळेत वाळवंटातल्या विषारी सरड्याचा जीनोम वाचत होती. म्हणजे त्याच्या डीएनएतली सगळी अक्षरं ओळीने लावायची. त्या जातीचं हे काम तिने सर्वांच्या आधी केलं, तर पुढे तिथेच संशोधन करायला मिळणार होतं.

माझा थोरला भाऊ गावच्या देवळात लोकांच्या वतीने देवाला गाऱ्हाणी घालतो. देवाकडे मागायचं ते नेमकं मागावं लागतं, म्हणून त्याने तिला फोन केला.

"गो, काय मागू? सरड्यान चावूक नये, असा?"

ती हसली. "काका, हंय सरडो नाय, नुसता रगात आसा. काम पुरा होवंदे. मधी कायेक सुटाक नये."

त्याने तसंच मागितलं, वर कोंबड्याचा नवस बोलला. आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणालो. सरड्यासाठी व्हय म्हणताना पुजारीही गालात हसला.

काम पुरं झालं. मधे काही सुटलं नाही. पण थोडे दिवस आधीच दुसऱ्या एका गटाने त्याच सरड्याचा जीनोम जाहीर केला होता. त्यांच्या कामात बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. दोन्ही कामं किती टक्के पुरी, ते मी तिला विचारलं. तिचंच काम सरस होतं.

"बाबा, दुसऱ्या नंबराचे टक्के कोण बघणा नाय," ती म्हणाली.

ती परत आली. आता पुण्यात एका कंपनीत रुग्णांचे रिपोर्ट तपासते. सरड्याचा विषय ती काढत नाही, आम्हीही काढत नाही.

नवसाचा विषय मात्र निघाला. बायको चिडली. "कसलो कोंबो? चेडवाक घराक धाडल्यान म्हणान?"

"देवान मागितलेला दिल्यान," भाऊ हळूच म्हणाला. "'सगळ्यांच्या आदी' ह्या कोणीच मागूक नाय."

ते खरं होतं. तेव्हा तसं मागायचं कुणाला सुचलंच नव्हतं. नवस फेडायचं ठरलं.

गेल्या सुट्टीत ती कणकवलीला उतरली आणि आम्ही तिला देवळात नेलं. "मागलेला तू पुरा केलंस, ह्यो मान गोड मानून घे रे म्हाराजा!" भाऊ म्हणाला. सगळ्यांच्या मागून तिचा "व्हय म्हाराजा" आला.

भावाने नव्या गाऱ्हाण्यासाठी नारळ उचलला. "आता काय मागू, गो?"

ती नारळाकडे बघत राहिली. "काय नको, काका."

भाऊ नारळ हातात धरून तसाच उभा राहिला.